मुलांची खेळातली गाणी, घाणेरडे शब्द आणि आपण मोठी माणसं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका गावात दर शनिवारी संध्याकाळी देवळाच्या अंगणात मुलांचे खेळ घेते. घेते कसली, खेळतात तीच, मी फक्त दोरी, पाण्याची बाटली आणि गुडघा फुटला तर हळद एवढं पुरवते. पण तिथून घरी गेलेल्या गाण्यांबद्दल पालकांचे मेसेज मात्र मलाच येतात आणि गेली काही वर्षं तेच तेच येतात, म्हणून एकदाच सगळं इथे लिहून टाकलंय. मी मानसशास्त्रवाली नाही. काही ओळी वाचून नाक मुरडाल, मुरडा, टिंबं टिंबं घालून लिहायला मला जमत नाही.

माझा मुलगा सहा वर्षांचा, आणि दिवसभर पादण्याचं गाणं म्हणतो. हे कुठून शिकला?

'आदा पादा कोण पादा, दामाजीचा घोडा पादा' हेच ना? मग तुमच्या वडिलांना विचारा, त्यांना पुढच्या ओळीही येत असतील. हे गाणं कुणी अलीकडे बिघडवलेलं नाही, बिघडलेलंच जन्माला आलंय. आणि त्याला काम आहे. गोल करून बसलेल्या पोरांत वास सुटला की कुणी कबूल होत नाही, मग एकेकाच्या गुडघ्यावर बोट ठेवत हे म्हणायचं आणि शेवटचा शब्द ज्याच्यावर पडेल तो चोर. म्हणजे न्यायनिवाडाच की! पाच ते आठ या वयात शी, शू, पाद, ढुंगण याच्याइतकं विनोदी जगात काही नसतं, कारण हल्लीच कुठे ते सगळं आवरायला शिकलेले असतात, त्यामुळे तो विषय त्यांना फार जवळचा. नऊ-दहाला आपोआप ओसरतं. तोवर फक्त जेवणाच्या टेबलावर नको एवढं सांगा, बस.

ही गाणी मुलं स्वतः बनवतात की मोठे शिकवतात?

चाल आणि कारागिरी मुलांची, कच्चा माल आपला. असं मला वाटतं आणि खाली जे जे लिहिलंय ते थोडंफार याच्याभोवतीच फिरतं.

ब्रिटनमध्ये आयोना आणि पीटर ओपी म्हणून नवरा-बायको होते, त्यांनी ७० शाळांतल्या ५००० च्या आसपास मुलांकडून अशी गाणी, चिडवण्या, खेळाचे नियम गोळा केले आणि १९५९ मध्ये छापले. त्यांना दिसलं ते असं की पाळण्याजवळची गाणी आई-आजीकडून बाळाकडे येतात, पण मैदानावरची गाणी पोराकडून पोराकडे जातात, मोठ्यांच्या कानाखालून. आणि जातात पण काय स्पीडने! १९३६ च्या डिसेंबरात इंग्लंडच्या राजाने मिसेस सिम्पसनसाठी गादी सोडली, पेपरात ती भानगड जेमतेम महिन्याच्या सुरुवातीला फुटली होती, आणि नाताळाच्या सुट्टीच्या आधी शहराशहरांतली पोरं एका कॅरोलच्या चालीवर 'मिसेस सिम्पसनने आमचा राजा पळवला' असं गात होती. रेडिओवर कुणी वाजवलं नव्हतं, छापलं नव्हतं. व्हॉट्सॲप नसताना हे. पण नीट बघा, भानगड मोठ्यांची, कॅरोल चर्चमधलं, मुलांनी फक्त दोन्ही एकत्र शिवलं.

आपलंही तेच. 'अडम तडम तडतड बाजा, हुक्का तिक्का लेशमास' यातला हुक्का काय मुलं ओढत होती? कुणीतरी ओसरीवर ओढत होता, ते ऐकून-बघून आत आला. आणि 'अटक मटक चवळी चटक' शेवटपर्यंत म्हणून बघा, जिभेचा फोड फुटेना, घरचा पाहुणा उठेना. पाहुणा उठत नाही याचा त्रास पाच वर्षांच्या पोराला कशाला होईल? ते स्वयंपाकघरातलं पुटपुटणं आहे, भांडं जरा जोरात आपटून केलेलं.

होळीला मुलं जे ओरडतात ते बंद करता येईल का? पाहुण्यांसमोर मान खाली जाते.

एक घडलेलं सांगते. शिगम्याचे दिवस, आमच्याकडे माणसं जमलेली, चहा चाललेला, बाहेर रोमटाचा, म्हणजे शिगम्याच्या मिरवणुकीचा, ढोल ऐकू येत होता आणि सावंतवाडीहून आलेला माझा सात वर्षांचा भाचा दारात उभा राहून खणखणीत आवाजात ओरडला, 'होळी रे होळी, पुरणाची पोळी, साहेबाच्या ढुंगणात बंदुकीची गोळी!' माझी बहीण लालेलाल. तिने त्याला दंडाला धरून आत ओढला, तो रडत म्हणतोय, 'अगे मावशी, मी काय केलंय, आजोबांनीच शिकवलं.' आणि आजोबा, म्हणजे आमचे बाबा, ७८ वर्षांचे रिटायर्ड मास्तर, बशीत तोंड घालून हसत होते, चहा नाकातून यायचा बाकी होता.

आता ह्यातला साहेब कोण? बंदूक कुणाच्या हातात होती? भाच्याला साहेब म्हणजे बाबांच्या ऑफिसातला एसीत बसणारा माणूस वाटतो. पण हे जुनं आहे, साहेब म्हणजे गोरा साहेब होता त्या काळातलं असणार, आणि ढुंगणाच्या जागी कुठे पोट येतं, कुठे त्याहून सरळ शब्द येतो, गाव बदललं की अवयव बदलतो.

शिमग्याला बोंब मारणं, अचकट विचकट बोलणं ही मोठ्यांनीच वर्षातून एकदा घेतलेली सूट आहे, आपल्याकडे गोव्यात काय आणि कोकणात काय. मुलांना नेमकं तेवढं कळतं की आज चालतं. त्यामुळे बंद करायच्या भानगडीत पडू नका, हवं तर सांगा की होळीपाशी ओरड, आजीच्या मैत्रिणींसमोर नको. कुठे काय बोलायचं हे शिकायला शिमग्याइतकी चांगली शाळा नाही.

आमच्या घरी कुणी असं बोलत नाही. हे सगळं कोकणी बोलणाऱ्या मुलांकडून येतं का?

कोकणी घरातल्या आया मला विचारतात की हे मराठी शाळेतल्या पोरांकडून येतं का. आणि दोघी मिळून म्हणतात की हे दिल्लीवाल्यांकडून आलं. १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा झाली, मराठीलाही सरकारी कामात जागा ठेवली, पण मैदानावरच्या शिव्यांचं खातं कुणाकडे ते त्यात लिहिलेलं नाही! आमच्या अंगणात एकाच खेळात सुटायचं गाणं मराठी असतं, टाइमप्लीज इंग्रजी, भांडण कोकणीत आणि 'चोर निकल के भागा' हिंदीत. दारुड्याला बेबदो म्हणतात तो तर पोर्तुगीजातून आलेला. भाषा कुणाचीही असो, शिवी बहुतेक वेळा गाडी चालवणाऱ्या माणसाकडून शिकलेली असते, मागच्या सीटवर बसून. फोंड्याच्या बाजारात पार्किंग शोधताना तुम्ही काय बोलता ते एकदा रेकॉर्ड करून ऐका.

जुनी पारंपरिक गाणी किती निर्मळ होती, तीच शिकवली तर?

हा प्रश्न आला की मला थोडं बसूनच घ्यावं लागतं.

आपल्याकडे मुळात फुगडी आणि धालो हे बायकांचे नाच, पण आमच्या जवळच्या कॉलनीत महाराष्ट्रातून नोकरीसाठी आलेली कुटुंबं आहेत, ती नवरात्रात भोंडला करतात, मलाही बोलावतात, खिरापत ओळखायला मजा येते म्हणून मी जाते. दोन वर्षांपूर्वी पाटावर हत्ती काढलेला, भोवती आठ-नऊ वर्षांच्या मुली, फ्रॉक, गजरे, आणि चालू होतं 'अक्कणमाती चिक्कणमाती'. गोड चाल आहे. आणि शेवट काय? माहेर सुरेख, खायला मिळतं, सासर द्वाड, कोंडून मारतं. कोंडून मारतं! आठ वर्षांची मुलगी हसत हसत टाळ्या वाजवत हे म्हणतेय आणि आम्ही बायका मोबाइलवर शूट करतोय. मग 'श्रीकांता कमलकांता' आलं, त्यातला वेडा नवरा शेवटी झोपलेल्या बायकोला बघतो, मेली मेली म्हणतो आणि जाळून टाकतो. त्याच्यावर तर सगळ्यात मोठा हशा.

त्याच संध्याकाळी एका मुलीने खेळताना 'ए गाढवा, तुझ्या आयला' म्हटलं तर तिच्या आईने तिला सगळ्यांसमोर सॉरी म्हणायला लावलं. मी खिरापत खात होते, घशाखाली उतरेना.

गैरसमज नको, मी भोंडला बंद करा म्हणत नाही. त्या गाण्यांत बायकांनी जे कुठेच बोलता येत नव्हतं ते बोलून घेतलंय, लहान वयात लग्न होऊन गेलेल्या पोरींचं ते रडणं आहे, वर हसण्याचा पदर घेतलेला. त्या काळी आठ वर्षांची मुलगी हे गायची तेव्हा तिच्यासाठी ती पुढच्या वर्षीची बातमी होती. उलट मी म्हणते गा, आणि गाऊन झाल्यावर मुलींना सांगा की हे कोण, का म्हणत होतं. त्या विचारतात, खूप विचारतात. 'पोलिसांना फोन का नाही केला?' हा प्रश्न मला तिथे एका सात वर्षांच्या मुलीने विचारला. फक्त जुनं म्हणजे निर्मळ आणि ढुंगण म्हणजे घाण, हे माप माझ्या गळी उतरत नाही.

मग इंग्रजी नर्सरी राइम्स तरी सेफ?

'टेन लिटल इंडियन्स' आपल्या बालवाड्यांत अजून दहा बोटं नाचवत म्हणतात, पोरांना वाटतं इंडियन म्हणजे आपण. ते आपण नव्हे. १८६८ मध्ये एका अमेरिकन गीतकाराने तिथल्या मूळ रहिवाशांवर केलेलं विनोदी गाणं ते, एकेक करून सगळे संपतात असं, आणि वर्षभरात इंग्लंडमध्ये त्याचीच काळ्या माणसांवरची आवृत्ती स्टेजवर आली. 'इनी मिनी मायनी मो' मध्येही आता जिथे टायगर आहे तिथे अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये बरीच वर्षं काळ्या माणसांसाठीची शिवी होती, आजही तिकडच्या म्हाताऱ्या माणसांना ती पाठ असते. टायगर घातल्याने खेळाचं काही बिघडलं नाही, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आणि हो, 'रिंगा रिंगा रोझेस' प्लेगवरचं आहे हा फॉरवर्ड मला पाठवू नका. लंडनचा मोठा प्लेग १६६५ चा, गाणं इंग्लंडमध्ये पहिल्यांदा छापलेलं मिळतं १८८१ चं, आणि ही प्लेगची गोष्ट त्याच्याही खूप नंतर, विसाव्या शतकात पसरली. आपली मुलं त्यात 'हुश्शा बुश्शा' म्हणतात, त्याचा तर कशाशीच संबंध नाही, मस्त आहे.

म्हणजे तुमच्या मते काहीच वाईट नाही?

आहे ना. ज्या गाण्याचा निशाणा समोर उभं असलेलं एक पोर आहे, ते वाईट. त्यात एकही घाणेरडा शब्द नसला तरी.

आमच्या वर्गात एक मुलगी होती, तिचे वडील प्यायचे. आम्ही चौघी-पाचजणींनी तिच्यावर जोडलं होतं, 'पप्पा तुझा तावेर्नात, चप्पल त्याची गटारात.' (तावेर्न म्हणजे दारूचा अड्डा.) दोरीउडीच्या ठेक्यात फिट बसायचं, ती उडी मारायला आली की आम्ही चालू. शिवी आहे का त्यात? नाही. बाईंनी ऐकलं असतं तर कदाचित यमक चांगलं जमलंय म्हणाल्या असत्या. पण चप्पल गटारात पडली होती हे आम्हाला कसं माहीत? आम्ही बघितलं नव्हतं. आमच्या आया विहिरीवर हळू आवाजात बोलत होत्या, बिचारी, काल परत तसंच, चप्पल एकीकडे माणूस एकीकडे. आयांनी हळहळ केली, आम्ही तिचं गाणं केलं. ती मुलगी मला चार-पाच वर्षांपूर्वी म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात भेटली, छान बोलली, मुलं काय करतात वगैरे, आणि निघताना हातातली पिशवी खाली ठेवून तिने त्या दोन्ही ओळी म्हणून दाखवल्या, चालीसकट. म्हणाली, बघ, मला अजून येतं. मी तिथे मिरच्यांच्या माळांसमोर नुसती उभी.

आता अंगणातलं सांगते. 'घाटी' हा शब्द. घाटापलीकडून आलेल्या माणसाला गोव्यात मोठे लोक सर्रास म्हणतात, चहाच्या गाड्यावर म्हणतात, निवडणुकीच्या गप्पांत म्हणतात, आणि बरेचदा असं म्हणतात जसं काही तो नुसता पत्ता आहे. आमच्याकडे बांधकामावर काम करणाऱ्या एका कुटुंबातली मुलगी यायला लागली, हुबळीकडची, सात-आठ वर्षांची, पळायला सगळ्यात चपळ. पहिल्या शनिवारी सुटायचं चाललं होतं, सहाजण गोलात, आमचा एक मोठा मुलगा मोजणार. अडम तडम म्हणत बोट फिरलं आणि शेवटचा शब्द तिच्यावर पडत होता, म्हणजे ती सुटणार. तर ह्याने तिथेच जोडलं, 'घा-टी-बा-हेर', चार ठोके जास्त, आणि बोट गेलं दुसरीकडे. परत फिरलं, परत तेच. मी तीन वेळा बघितलं. राज्य तिच्यावरच आलं. सगळे हसले, तीही हसली, तिला मराठी कळत नव्हतं तेव्हा. कुणी शिवी दिली नाही, कुणी ढकललं नाही, मोजून काढली तिला.

तेव्हा मी खेळ थांबवला. भाषण नाही दिलं. म्हटलं मोजायचं तर शेपूट न लावता मोजायचं, आणि आजपासून मोजणार ही. तिने कानडीत मोजलं, काय म्हणाली देव जाणे, पण सगळे निमूट सुटले. आता ती कानडी मोजणी आमच्या अर्ध्या पोरांना येते, अर्थ कुणालाच माहीत नाही, लेशमासचा तरी कुठे माहीत आहे.

जात, रंग, जाडी, तोतरेपणा, बापाची दारू, आईचं काम, घाटी, भायले म्हणजे बाहेरचे. यमक यातल्या कशावर जोडलेलं दिसलं तर मध्ये पडा, त्याच क्षणी. बाकी पादू देत.

मुलं चवथीत, म्हणजे गणेश चतुर्थीला, आरतीचे शब्द बदलून म्हणतात. देवाची चेष्टा?

बदलून नव्हे, तशीच ऐकू येते. 'फळीवर वंदना' म्हणणारे निम्मे लोक चाळिशीतले आहेत. घुमट आणि शामेळ या वाद्यांच्या आवाजात कुणाला काय ऐकू जातं? जाणूनबुजून मोदकावर विडंबन केलं असेल तर गणपती ऐकून घेईल, त्याला सवय आहे.

रील्समधले डबल मीनिंगचे शब्द मुलं टाळ्यांच्या खेळात घालतात. याची काळजी करायची का?

बहुतेक वेळा त्यांना अर्थ माहीत नसतो, आवाज आवडलेला असतो. विचारून बघा, 'ह्याचा अर्थ काय रे?' असं साध्या आवाजात. खांदे उडवले तर एका ओळीत सांगा की हे अंगाबद्दलचं वाईट बोलणं आहे, आपण वापरत नाही, आणि विषय सोडा. आपण जितका चेहरा करू तितकी त्या शब्दाची किंमत वाढते.

पण मुलाला त्याच्या वयाला न शोभेल इतकी नेमकी माहिती असेल, ते कृती करून दाखवत असेल, किंवा 'अमक्या काकाने शिकवलं, सांगू नको म्हणाला' असं काही आलं, तर तो गाण्याचा विषय राहत नाही. तिथे मुलाला ओरडायचं नाही, उलटतपासणी घ्यायची नाही, त्याने जे सांगितलं ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायचं आणि १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकाला फोन करायचा किंवा पोलिसांकडे जायचं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पॉक्सो कायदा २०१२ चा आहे, त्यात असं कळल्यावर गप्प बसणं हाही गुन्हा आहे. नातेवाइकांत मिटवू नका, प्लीज.

घाणेरडं बोलल्याबद्दल शिक्षकांनी मारलं तर?

शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १७. शारीरिक शिक्षा नाही आणि मानसिक छळही नाही. जिभेला तिखट लावणं ही आपल्या आज्यांची आयडिया होती, तीही त्यातच आली, घरीसुद्धा नको. आधी जाऊन शांतपणे बोला, बहुतेक शिक्षक बिचारे चाळीस पोरांत वैतागलेले असतात.

आपणच चांगले शब्द घालून गाणी दुरुस्त करून दिली तर?

करून बघितलं. मी एकदा 'आदा पादा' चं 'आला वारा, कोण आला वारा' केलं. मुलांनी आदराने एकदा म्हटलं. पुढच्या शनिवारी त्यांनी माझ्या ओळीला जोडून पुढे जे केलं होतं ते मी इथे लिहीत नाही, पण त्यात मी होते.

मुलं आमच्यासमोर गातच नाहीत, विचारलं की 'काय नाय' म्हणतात. मग ऐकायचं कसं?

विचारायचं नाही. हातात काहीतरी काम घेऊन जरा लांब बसायचं, मी शेंगा सोलते, आणि त्यांच्याकडे बघायचं नाही. दहा मिनिटांत तुम्ही तिथे आहात हे विसरतात. मोबाइल काढलात की संपलं, लगेच रीलमधले चेहरे करतात. आणि हसू आलं तर शेंगांच्या टोपलीत बघून हसायचं, आमच्या बाबांसारखं बशीत नाही, पकडले जातो.